काडतूस आवळलं की कट्टा उपाशी मरतो का? पिस्तूल-काडतूस नियमनातले वादग्रस्त दावे

तापीकाठ (धागाकर्ता)

पिस्तुलं आणि काडतुसांच्या नियमांवर आपल्याकडे चर्चा निघाली की दोनच वाक्यं ऐकू येतात. "परवाने बंद करा, गुन्हे थांबतील" हे एक आणि "गुन्हेगार कुठे परवाना काढतात, मग कायदा कशाला?" हे दुसरं. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण काडतुसाचा विचार दोन्हींत नाही. म्हणून हा धागा. दावा मांडायचा तर कलम किंवा आकडा घेऊन मांडा, एवढीच विनंती.

माझा दावा आधीच सांगतो. कट्टा, म्हणजे गावठी बनावटीचं पिस्तूल, गावच्या भट्टीवर बनतो, काडतूस बनत नाही. काडतुसाच्या बुडाला असलेल्या टोपीतलं स्फोटक मिश्रण, धूररहित दारू, मापात ओढलेली पितळी पुंगळी (काडतुसाचं कवच), या सगळ्याला कारखाना लागतो. त्यामुळे बेकायदा हत्यारात घातलेलं काडतूस बहुतेक वेळा कायदेशीर कारखान्यातलं असतं. न्यायालयांच्या निकालांमध्ये जप्त काडतुसाच्या बुडावर "८ एमएम केएफ" असा ठसा असल्याची नोंद वारंवार दिसते. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हापासून हा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

आता यातली मेख बघा. ८ एमएम म्हणजे .३१५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास). .३०३ लष्करी असल्याने नागरिकांना वर्ज्य, म्हणून त्यांच्यासाठी .३१५ ची रायफल आली. लष्कर आणि पोलिसांच्या नित्य वापरात हा बोअर नाही. मग .३१५ चं कारखानी काडतूस कट्ट्यात येतं कुठून? परवानाधारक विक्रेता किंवा परवानाधारक ग्राहक, या दोन दारांपैकी एकातून. तिसरं मोठं दार मला दिसत नाही. "केएफ लिहिलंय म्हणजे फॅक्टरीतून चोरीला गेलं" असं अनेक जण ठोकून देतात, ते चूक आहे. कायदेशीर विकलेल्या प्रत्येक काडतुसावर तोच ठसा असतो.

तेव्हा मोजायचं ते काडतूस. ते नीट मोजलं तर कट्ट्याला धार उरणार नाही. खोडून दाखवा.

निकालपत्र

तुमच्या दाव्याकडे नंतर येतो. आधी एक गैरसमज दूर करू, कारण तो दोन्ही बाजूंच्या डोक्यात घट्ट बसला आहे.

"शस्त्र बाळगणं हा माझा हक्क आहे" हे अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीवरून उचललेलं वाक्य आहे. आपल्या राज्यघटनेत असा मूलभूत हक्क नाही. पण याचा अर्थ "परवाना देणं-न देणं सर्वस्वी साहेबांच्या मर्जीवर" असाही होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३(३) नीट वाचा. त्यात दोन कप्पे आहेत. किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी अग्निशस्त्र (२०१९ च्या दुरुस्तीआधी फक्त .२२ रायफल किंवा एअर रायफल), हा पहिला कप्पा. इथे भाषा "द्यावा" अशी आहे. बाकी सगळं, म्हणजे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरसुद्धा, दुसऱ्या कप्प्यात. तिथे अर्जदाराकडे सबळ कारण असल्याची प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. लोक रिव्हॉल्व्हरचा अर्ज करतात आणि कारणाच्या रकान्यात नुसतं "स्वसंरक्षण" लिहितात. अर्ज पडतो तो इथेच. धमकीची नोंदवलेली तक्रार, रोकड ने-आण करण्याचा व्यवसाय, वस्तीपासून दूरचं घर, असं काही कागदावर दाखवावं लागतं.

दुसरा दावा: "सात-बारा किंवा मोठं आयकर विवरण असल्याशिवाय परवाना मिळत नाही." कलम १४(२) स्वच्छ सांगतं की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली अपील करता येतं. बरेच जण तोंडी नकार ऐकून घरी जातात. तोंडी नकाराविरुद्ध अपील कसं करणार? लेखी आदेश मागा.

नळीमोज

बोअरवरच्या गैरसमजांवर लिहितो.

"९ एमएम जास्त घातक म्हणून बंदी, .३२ दुबळी म्हणून परवानगी" हा दावा अर्धवट आहे. नियमांतल्या वर्गवारीचा निकष शक्ती नाही, लष्कर-पोलिसांच्या सेवेतलं काडतूस आहे. .३८० किंवा .४५५ रिमवाली (रिम म्हणजे पुंगळीच्या बुडाची बाहेर आलेली कड), तसंच सेवेतली ९ एमएम किंवा .४५ रिमविरहित काडतुसं ज्यात बसतात आणि झाडता येतात, ती पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर्स प्रतिबंधित. सरकारी साठ्यातलं काडतूस खासगी हत्यारात चालू नये, हा त्यामागचा तर्क. प्रतिबंधित बोअरचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय. शक्तीतला फरक मात्र खरा आहे. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी दीडशे ज्यूलच्या आसपास, .३२ पिस्तुलाची पावणेदोनशेच्या घरात, ९ एमएमची पाचशेच्या जवळ.

आणि कृपा करून ".३२ म्हणजे .३२" असं समजू नका. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि .३२ पिस्तुलाचं, ज्याला ७.६५ एमएमही म्हणतात, ते वेगळं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी साधारण २३ मिलिमीटर लांब आणि तिला पूर्ण रिम, तर पिस्तुलाची १७ मिलिमीटर आणि रिम अर्धवट. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कसंबसं बसतं, म्हणून लोक "चालतं" म्हणतात. त्याचा दाब जास्त असतो. पुंगळी फुगते, सिलिंडर अडकतो, जुन्या हत्याराला तडा जाऊ शकतो. विकत घेताना डब्यावरचं पूर्ण नाव वाचा, नुसता आकडा वाचू नका.

जुन्या काडतुसांबद्दलही सांगतो, कारण वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेली काडतुसं दमट कोकणात हमखास दगा देतात. चाप ओढला आणि बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबायचं, टोपी उशिराही पेटू शकते. बार नेहमीपेक्षा पोकळ वाजला तर तिथेच थांबायचं. हत्यार रिकामं करायचं आणि नळीत गोळी अडकली आहे का ते पाहायचं. मागून दुसरी झाडली तर नळी फाटते.

एअरगनबद्दल: ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत शक्ती असेल तर परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एक जरी ओलांडलं तरी लागतो. विक्रेता काय म्हणतो यावर जाऊ नका, कागद मागा.

आकडेमोड

"भारतात ७ कोटी बंदुका आहेत" हा आकडा बातम्यांत फिरतो. तो स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेचा, २०१७ सालासाठीचा अंदाज. नेमका ७ कोटी ११ लाख, त्यात नोंदणीकृत ९७ लाख. केंद्रीय गृह मंत्रालयाची आकडेवारी मात्र सांगते की ३१ डिसेंबर २०१६ ला देशात चालू परवाने ३३.६९ लाख. उत्तर प्रदेश एकटं १२.७७ लाख, जम्मू-काश्मीर ३.६९ लाख, महाराष्ट्र सुमारे ८४ हजार.

आता गुणाकार करा. तेव्हा एका परवान्यावर जास्तीत जास्त तीन हत्यारं घेता येत. ३३.६९ ला तिनानं गुणलं तर १०१ लाख. म्हणजे ९७ लाख नोंदणीकृत हत्यारं असायची तर जवळपास प्रत्येक परवानाधारकाकडे पूर्ण तीन हवीत. पीकरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्याकडे एक ठासणीची बंदूक असते, तीन नसतात. नोंदणीकृत आकड्यातच एवढी ओढाताण असेल तर बेनोंद ६ कोटींच्या आकड्यावर धोरण उभं करणं मला धोक्याचं वाटतं.

दुसरीकडून येणारा दावाही तपासू. "शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनं तीनाची दोन हत्यारं केली, आता गुन्हे घटतील." मूळ विधेयकात तर एकच हत्यार होतं, विरोध झाल्यावर दोन केली. तिसरं हत्यार वर्षभरात पोलिस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदींमध्ये बंदुकीनं झालेल्या खुनांचं परवाना-विनापरवाना असं वर्गीकरण ज्या वर्षांचं मिळतं, त्यात विनापरवाना हत्यारांचा वाटा फार मोठा आहे. तीन परवानाधारी बंदुका असलेल्या माणसाची तिसरी काढून घेतल्यानं त्या मोठ्या वाट्याला हात लागत नाही. त्याच दुरुस्तीतल्या शिक्षावाढीचा संबंध थेट आहे. विनापरवाना हत्याराला पूर्वी एक ते तीन वर्षं होती, आता दोन ते पाच.

सावंतवाडीकर

परवानाधारक शेतकऱ्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. सिंधुदुर्गात आणि गोव्यात बंदूक म्हणजे रानडुक्कर आणि माकडांपासून बागायत राखायचं साधन. निवडणूक लागली की सरसकट "बंदुका जमा करा" असा निरोप येतो आणि ऐन पिकाच्या दिवसांत बंदूक ठाण्यात पडून राहते. कायद्याप्रमाणे सरसकट जमा करणं बंधनकारक आहे, हा दावा चुकीचा आहे. गोव्यातून आलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं छाननी समितीची पद्धत घालून दिली. प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करायचा, जामिनावर असलेला, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेला, पूर्वी दंगलीत सापडलेला अशांना आधी पाहायचं. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही तोच आधार घेतला आहे. नोटीस आली तर समितीकडे लेखी म्हणणं द्या, सोबत पीकनुकसानीचा पंचनामा जोडा. जमा केलीच तर पावतीवर हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि हत्याराची स्थिती लिहून घ्या. परत मिळताना नळी गंजलेली निघाली तर पावतीशिवाय हातात काही राहत नाही.

सांताक्लाराकर

@तापीकाठ, काडतूस मोजण्याचे प्रयोग बाहेर झाले आहेत, त्यांचे निकाल तुमच्या दाव्याला सरळ पाठिंबा देत नाहीत.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यानं २००० पासून प्रत्येक नव्या पिस्तुलाची एक झाडलेली पुंगळी सरकारकडे जमा करायला लावली. तीन लाखांहून जास्त पुंगळ्या साठल्या, सुमारे ५० लाख डॉलर खर्च झाले आणि २०१५ मध्ये ती योजना गुंडाळली. कारण साधं आहे. साठा फक्त त्या राज्यात नवीन विकल्या गेलेल्या पिस्तुलांचा, आणि गुन्ह्यातली कितीतरी पिस्तुलं बाहेरून आलेली किंवा जुनी. शिवाय एकाच कारखान्याच्या हजारो पुंगळ्यांवरच्या खुणा इतक्या सारख्या की यंत्राला योग्य जोडी वर आणता येत नाही. न्यूयॉर्कची तशीच योजना २०१२ लाच बंद झाली.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून काडतूस खरेदीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणी आली. सुरुवातीला शुल्क १ डॉलर, नोंद जुळली नाही तर पूर्ण तपासणीसाठी १९ डॉलर. अडचण आली ती नोंदी जुळण्यात. घर बदलल्यावर पत्ता बदलला नाही, नावाचं स्पेलिंग वेगळं, एवढ्यानं पात्र माणसं परत पाठवली गेली. जिल्हा न्यायाधीशांनी तो कायदा २०२० आणि २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला, जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठानंही तेच म्हटलं. तिथला निकाल तिथल्या हक्कावर उभा आहे, आपल्याला लागू नाही. नोंदींच्या अशुद्धतेचा धडा मात्र आपल्यालाही लागू आहे.

ब्राझीलचं उदाहरण तुमच्या बाजूचंही आहे आणि विरुद्धही. तिथे २००३ च्या कायद्यानं सुरक्षा दलांच्या काडतुसांच्या पुंगळीवर लॉट क्रमांक (एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक) कोरणं सक्तीचं केलं. मार्च २०१८ मध्ये रिओच्या नगरसेविका मारिएल फ्रांको यांचा खून झाला, तेव्हा पुंगळ्यांवर "यूझेडझेड-१८" सापडलं आणि तो लॉट २००६ साली संघीय पोलिसांना विकल्याचं निघालं. खूण बोलली. पण त्या एका लॉटमध्ये लाखो काडतुसं होती, त्यामुळे नेमकं कुठून गळलं ते काही कळेना. लॉट लहान असेल तरच खुणेला अर्थ.

तापीकाठ

ब्राझीलचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. मेरीलँडचा मात्र इथे लागू नाही. ते पुंगळीवरून पिस्तूल शोधत होते. मी पुंगळीवरून विक्री शोधायला सांगतोय. त्याला खुणांची जुळणी लागत नाही, नोंदवही लागते.

कलिनावाट

प्रयोगशाळेच्या बाजूनं दोन दुरुस्त्या.

"कट्ट्याच्या नळीत आटे (आतल्या पिळाच्या खाचा) नसतात, म्हणून गोळीवरून काहीच सिद्ध होत नाही." निम्मं बरोबर. गुळगुळीत नळीतून गेलेल्या गोळीवर आट्यांच्या खुणा पडत नाहीत. पण पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनचा खड्डा आणि मागच्या पृष्ठभागाची छाप पडते, आणि हातानं कानस मारलेली पिन जितकी ओबडधोबड तितकी तिची खूण वेगळी. अडचण दुसरीच आहे. कट्ट्याचे भाग ढिले असतात, पिन प्रत्येक वेळी थोडी वेगळ्या जागी बसते, म्हणून एका चाचणी-बारावर भागत नाही, चार-पाच घ्यावे लागतात. तपासात जप्त झालेलं जिवंत काडतूसच चाचणीला वापरलं तर अहवालात तसं स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर उलटतपासणीत "मुद्देमालातलं काडतूस कुठे गेलं?" हा प्रश्न येतो.

"नळीत नायट्राइट (दारू जळल्यावर उरणारा अंश) सापडलं म्हणजे हत्यार नुकतंच झाडलं होतं." नाही. झाडलं होतं एवढंच कळतं. कधी, ते या चाचणीतून कळत नाही. सरकार पक्ष हा शब्द ताणतो आणि तिथेच प्रकरण लंगडं होतं.

निकालपत्र

+१. आणि शिक्षा वाढवल्या तरी आरोपी का सुटतात, याचं उत्तर तिथेच सुरू होतं. कलम ३ च्या, म्हणजे विनापरवाना हत्यार बाळगण्याच्या, गुन्ह्यात खटला भरण्याआधी कलम ३९ खाली जिल्हादंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरीच्या आदेशात हत्याराचं वर्णन एक, पंचनाम्यात दुसरं, असं निघालं की बचाव पक्षाचं काम झालं. हत्यार चालू स्थितीत असल्याचा अहवाल हवा. सीलबंद पाकिटावरचं सील आणि नमुना सील जुळलं पाहिजे. मुद्देमाल कारकुनाच्या वहीत जमा-जावक तारखा सलग हव्यात. दोन वर्षांची किमान शिक्षा कागदावर कितीही कडक असू दे, या साखळीतली एक कडी तुटली की उपयोग नाही.

एकट्या काडतुसाचा वादही इथेच घेतो. विमानतळावर बॅगेत एक विसरलेलं काडतूस निघतं आणि गुन्हा दाखल होतो. "एक काडतूस म्हणजे गुन्हा नाहीच" हेही चूक आणि "सापडलं म्हणजे शिक्षा" हेही. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ च्या गुणवंतलाल निकालापासून ताब्याला जाणीव हवी असं धरलं आहे. जाणीवपूर्वक ताबा दिसत नाही म्हणून उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये एका प्रकरणात एकटं काडतूस कलम ४५(ड) मधल्या, कायद्यातून सूट असलेल्या किरकोळ भागांत धरलं होतं, पण त्या व्याख्येवर सगळ्यांचं एकमत नाही. घरात कुणाचा परवाना असेल तर प्रवासाआधी बॅगेचे सगळे कप्पे झटकून पाहणं, हा त्यावरचा खरा उपाय.

चापओढ

तापीकाठ, तुमचा मोजणीचा उपाय शेवटी नेमबाज खेळाडूच्या डोक्यावर बसतो. उत्तर प्रदेशात नवीन काडतुसं हवी असतील तर रिकाम्या पुंगळ्या दाखवा, अशी अट घातली गेली. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात, त्या देता येतात. पिस्तूल त्या बाजूला फेकतं, सरावाच्या रेंजवर त्या दुसऱ्यांच्या पुंगळ्यांत मिसळतात. आणि पुंगळी काय सिद्ध करते? काडतूस झाडलं गेलं एवढंच. कुठे झाडलं, लक्ष्यावर की लग्नात, ते नाही. ज्याला विकायचीच आहेत तो रेंजवरून शंभर पुंगळ्या गोळा करून जमा करेल.

दुसरं, तुमचं ".३१५ ला तिसरं दार नाही" हे .३१५ पुरतं. महाराष्ट्रात मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावाकडून येणारी जप्तीतली हत्यारं बहुतेक ७.६५ ची पिस्तुलं आहेत. आणि ९ एमएम असेल तर सरकारी साठ्याचं दार आहेच.

तापीकाठ

पुंगळीच्या अटीबद्दल पूर्ण सहमत, ती मोजणी नव्हेच. ७.६५ चंही मान्य करतो, तिथे माझा दावा अर्धाच टिकतो.

उमर्टीबद्दल मात्र एक गोष्ट. बडवानी जिल्ह्यातल्या त्या गावाचं नाव घेऊन एका अख्ख्या समाजाला गुन्हेगार ठरवणारे प्रतिसाद इतरत्र वाचलेत, इथे ते नकोत. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या सीमेवर हत्यार पकडलं की बनवणारा आणि वाहून नेणारा सापडतो. काडतूस कुणी दिलं हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

मी मागतोय ती मोजणी अशी. डब्यावर लॉट असतो. विक्रेत्याच्या वहीत बोअर आणि संख्येबरोबर लॉट लिहायचा. परवान्यावरच्या नोंदीतही तोच. कारखान्यानं कुठला लॉट कुठल्या विक्रेत्याला दिला ते ठेवायचं. पुंगळीवर लॉटची खूण कोरायची आणि ब्राझीलची चूक टाळण्यासाठी लॉट छोटा ठेवायचा. गुन्ह्यात पुंगळी सापडली की एका विक्रेत्यापर्यंत पोचता येईल. खेळाडूला यात एकही जादा कागद नाही.

नळीमोज

छोट्या लॉटमध्ये कारखान्याची अडचण आहे. बुडावरचा ठसा साच्यानं मारला जातो. प्रत्येक लॉटला साचा बदलायचा तर यंत्र थांबवावं लागतं. बुडावर न मारता पुंगळीच्या खाचेत लेसरनं खूण करण्याचा पर्याय आहे, ब्राझीलमध्ये खूण तिथेच असते. नागरी काडतुसांचं प्रमाण लष्करी उत्पादनाच्या मानानं कमी, म्हणून सुरुवात .३१५, .३२ आणि १२ बोअरपासून करणं शक्य वाटतं. १२ बोअरचं नळकांडं प्लास्टिकचं असतं, तिथे पितळी बुडाच्या कडेला जागा आहे.

सावंतवाडीकर

हे सगळं होईपर्यंत आहेत त्या नोंदी तरी कुणी पाहतं का? मयत परवानाधारकाच्या नावावर काडतुसं उचलली जातात, असा संशय आमच्याकडे उघड बोलला जातो. वारसानं कलम २१ प्रमाणे हत्यार आणि काडतुसं लगेच जमा करायची असतात. ती जमा होतात, पण परवाना रद्द झाल्याची नोंद विक्रेत्यापर्यंत पोचते का?

आकडेमोड

हे तपासता येईल, माहिती अधिकारात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त कार्यालयाकडे. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. कुणाचंही नाव मागू नका, खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जाईल. मागायचं ते असं:

"गेल्या तीन आर्थिक वर्षांत, वर्षनिहाय, (अ) चालू शस्त्रपरवान्यांची बोअरनिहाय संख्या, (आ) परवानाधारकाच्या मृत्यूमुळे रद्द झालेले परवाने आणि त्यांपैकी किती प्रकरणी विक्रेत्यांना लेखी कळवले, (इ) जिल्ह्यातील परवानाधारक विक्रेत्यांनी विकलेल्या काडतुसांची बोअरनिहाय संख्या, (ई) विक्रेत्यांच्या साठा व विक्री नोंदवह्यांच्या तपासणीच्या तारखा आणि तपासणी अहवालांच्या प्रती."

(अ) आणि (इ) शेजारी ठेवले की दर परवान्यामागे किती काडतुसं गेली ते निघेल. ज्या बोअरमध्ये आणि ज्या वर्षी ती संख्या अचानक फुगलेली दिसेल तिथे (ई) मधली तपासणीची तारीख बघायची. उत्तर आलं की जिल्ह्याच्या नावासह इथेच टाका, तक्ता मी लावतो.